बिनतारीवरचे मामा

टेलिफोनचा रिसीव्हर मामा आधी बाहीला पुसत, मग कानाला लावत. पलीकडे कोणीही असो, पहिला प्रश्न ठरलेला. "जेवला का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण तुमच्या माणसाला कुणी फौजेच्या बिनतारी संचावर बसवलं नसेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर कारखान्यात आणि रविवारी फौजेत, अशी आमची अर्धवेळ शिपाईगिरी चाले. मामा, म्हणजे साऱ्या तुकडीचेच मामा, चऱ्होलीचे, आकुर्डीला प्रेस मशीनवर कामाला. मी सकाळी कॉलेज करून दुपारच्या पाळीला कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाई. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे की काय, तोंड उघडायची मला धास्ती वाटे. वर्गात माझी हजेरीसुद्धा शेजारचा मुलगा देई, कारण माझा आवाज सरांपर्यंत पोचत नसे. भरतीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, सिग्नलवाल्यांचं, म्हणजे निरोप पोचवणाऱ्यांचं, काम बसून असतं. मी सिग्नल घेतलं. त्यात बोलावंही लागेल, हे डोक्यात आलं नाही.

मामांचा आवाज मात्र प्रेसच्या धडधडीवर पोसलेला. आम्हाला शिकवणारे हवालदार, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो, एकदा म्हणाले, "मामा, आपको सेट की क्या ज़रूरत है? खिड़की खोल दो।"

बिनतारीचे नियम मोजके. बटण दाबायचं, निरोपापुरतं बोलायचं, 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. मामा बटण दाबत आणि म्हणत, "काय कॉलेज, जेवला का? ओव्हर." कॉलेज म्हणजे मी.

"मामा, ये सेट है, चावडी नहीं।"

"व्हय उस्ताद. पन जेवला का न इचारता एकदम कामाचं बोलायचं म्हंजे पोलिसाची चौकशी झाली की."

एकदा सरावात आमची तुकडी चाकणच्या बाजूला एका चरात लपली होती. सेटवर साहेबांचा आवाज आला, तसे मामा ताडकन उभे राहिले आणि सेटला सलाम ठोकला. समोरच्या टेकडीवरच्या 'दुश्मना'ला सगळी तुकडी आयती सापडली. पकडायला आलेल्या जवानालाच मामा म्हणाले, "साहेब बोलत असताना बसून ऱ्हाऊ व्हय?"

वार्षिक कॅम्पच्या शेवटी परीक्षा होती. पास झाला तो सिग्नलमध्ये, नापास झाला तो दुसऱ्या कामाला. मामांना पास व्हायचंच होतं. "गावात सांगून बसलोय, मी बिनतारीवर हाय म्हणून," ते म्हणाले. सेटवर जेवणाचं नाव काढणार नाही, असा शब्द त्यांनी उस्तादांना दिला.

मामा टेकडीवर, मी खाली ओढ्यात, शेजारी खुर्ची टाकून साहेब. मामांचा निरोप आला, "पूल तुटला आहे. गाड्या थांबवा. ओव्हर." एक शब्द जास्त नाही. मला तोच निरोप परत म्हणून दाखवायचा होता. मी बटण दाबलं. एक शब्द न बोलता सोडलं. मामांनी नियमाप्रमाणे पुन्हा हाक दिली. मी पुन्हा तेच केलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

सेट जरा खरखरला.

"ए कॉलेज. जेवला का? ओव्हर."

"जेवलो मामा. भाजीत नुसता बटाटा होता. ओव्हर." हे मीच बोललो. आणि तोंड उघडलंच होतं, तर पूल, गाड्या, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मी पास झालो. मामा नापास, कारण सेटवर फालतू बोलले. मी त्यांची माफी मागायला गेलो. तेच म्हणाले, "अरे, तू बोललास ना? मग झालं की." त्यांना टेलिफोनची तार अंथरणाऱ्या टोळीत टाकलं. गावात त्यांनी सांगितलं, "आदी बिनतारीवर हुतो, आता साहेबांनी तार दिली." गावाला ही बढती वाटली आणि चऱ्होलीत पेढे वाटले गेले.

नवं काम त्यांना मानवलं. तार शेताशेतांतून जाई, त्यामुळे विचारायला माणसं भरपूर. तार जोडून झाली की ती तपासायला फोन करत आणि तेव्हा काय बोलावं, याचा नियम नव्हता. एक्सचेंजवर, म्हणजे वायरी खोचून फोन जोडायच्या बोर्डावर, आता मी असे. "जेवला का?" आलं, की तार ठीक.

वय झालं तसे मामा निवृत्त झाले. त्याच्या पुढच्या कॅम्पला त्यांच्या टोळीत नवीन जवान आले. दुपारी घंटी वाजली.

"लाइन टेस्ट. आवाज येतो का?"

आवाज स्वच्छ येत होता. 'येतो' एवढंच सांगायचं होतं. 

"जेवला का?" मी विचारलं.

तो गोंधळला असावा. मग एकदम घरचा झाला. "न्हाई अजून. लंगरातनं जेवणाची गाडी इकडं आलीच न्हाई, राव."

उस्ताद माझ्या शेजारीच उभे होते.  बोर्डावरची दुसरी वायर उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि मी ती लंगरच्या भोकात खोचली.