देवीचा पुआसा

गुरुवारी मीराचा फोन आला आणि ती रडली. कॉलेज सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. "मला इथे नाही राहायचं, बाबा." शनिवारी सकाळी बायकोने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "तिला घेऊनच या." माझ्याही मनात तेच होतं. २००७चा ऑक्टोबर. एकादशी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी.

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायहून आय-७५ धरून सरळ उत्तरेला निघायचं. मॅकिनॉच्या पुलावरच्या टोलसाठी सुटे पैसे हाताशी ठेवा. मधल्या लेनमध्ये लोखंडी जाळी आहे, गाडी गुणगुणते. खाली बघू नका. पुढे एम-२८वर वळण्याआधी पेट्रोल भरून घ्या. सेनीनंतर रस्ता ताणलेल्या दोरीसारखा सरळ आणि दोन्हीकडे पिवळं झालेलं रान. वाटेत मी एका रेस्ट एरियात थांबलो, तेव्हा कुठून तरी लाकडाच्या धुराचा वास आला. गावी एकादशीला आई चुलीच्या निखाऱ्यात रताळी भाजायची. आम्ही शाळेतून पळत यायचो, ते देवासाठी नव्हे, रताळ्यांसाठी. देव मागाहून आला.

मीराच्या कॉलेजच्या गावाचं नाव मार्केट. भाजीबाजाराशी संबंध नाही. सुपिरियर तळ्याच्या काठी आहे. ऑफ सीझनमध्ये मोटेल स्वस्त मिळतं, फक्त खोलीत हीटर चालतो का ते आधी बघा.

होस्टेलच्या खोलीत मीराची रूममेट होती, इंडोनेशियाची. "हाय, ओम," ती म्हणाली. "मी देवी."

नाव देवी, तोंडी ओम. मी हात जोडले आणि भक्तिभावाने "ओम" म्हणालो. मग डबा उघडून पुढे केला.

"सॉरी ओम, आज माझा फास्ट आहे."

मला फारच आनंद झाला. "मग घे ना. ही उपवासाचीच आहे."

मीराने कपाळाला हात लावला. "बाबा, शी इज मुस्लिम. रमजान चालू आहे. सनसेटपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि ओम म्हणजे त्यांच्याकडे काका. डचांकडून आलेला वर्ड आहे तो."

देवी हसत होती. "तुमच्या उपवासात जेवतात?"

"जेवत नाही. खिचडी खातो."

"बटाटा, दाणे, तूप," मीरा म्हणाली. "रोजच्यापेक्षा जास्तच."

तिच्या भाषेत फास्टला काय म्हणतात, असं मी जरा ओशाळून विचारलं.

"पुआसा. कुठल्याही धर्माचा असो, पुआसाच."

मी तो शब्द दोन-तीनदा पुटपुटलो. उपवासच तो. समुद्र ओलांडताना सुरुवातीचा 'उ' तेवढा गळाला होता. ओमला मी ओळखीचा समजलो तो परका निघाला, आणि हा अनोळखी चेहऱ्याचा शब्द घरचा.

संध्याकाळी आम्ही तिघं तळ्याकाठी बसलो. तोवर मीरानेही काही खाल्लं नव्हतं. खिचडी तिची आवडती.

"तू का थांबलीस?" मी मराठीत विचारलं.

"असंच. देवीला संध्याकाळी घरची फार आठवण येते. एकटीने खाणं बोअर होतं ना यार, सो मी वेट करते."

आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी फोड करून दिली होती: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. आई एकादशीला कोणाजवळ असायची, हे कधी विचारलं नाही.

सूर्य बुडाला. देवीने खजूर फोडून अर्धा मीराला दिला, मग दोघी खिचडीवर तुटून पडल्या.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. "चलतेस?"

मीरा बुटाच्या टोकाने पानं उकरू लागली. "ईद होईपर्यंत तरी थांबते, बाबा. मग बघू." मी आग्रह केला नाही. पूल येईपर्यंत तीनदा वाटलं, परत फिरावं.

बायको दारातच उभी होती. तिने रिकामी सीट पाहिली. "ती कुठंय?"

"तिचा उपवास आहे."

"मीराचा?"

मी सगळं सांगितलं, शब्दाचीही फोड करून सांगितली. ती डोळे पुसून आत गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने आतून तिचा फोनवरचा आवाज आला.

"मीरा, त्या देवीला शेवयांची खीर चालते का, विचार गं."