पूल कुठे आहे ते सांगणार नाही

तिला बोलायला येऊ लागलं तेव्हापासून घरात सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘जरा गप्प बस’. आई म्हणायची, मामा म्हणायचा, शाळेतल्या बाई तर हजेरी घेतानाच म्हणून ठेवायच्या. खरं नाव कागदोपत्री राहिलं आणि सगळे तिला टकळी म्हणू लागले. एकटे बाबा तेवढे तिला कधी गप्प बस म्हणाले नाहीत, पण त्याचं श्रेय त्यांना द्यायला ती तयार नव्हती. बाबा मुळात कुणालाच काही म्हणत नसत.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट, मागे पडदा आणि पडद्याआड भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कॉलेज संपल्यावर टकळी तिथेच बसू लागली. सैल काड्या घट्ट करायच्या, नाकावर रुतणारी फ्रेम गरम करून वाकवायची, नव्या काचा बसवायच्या. हात चांगला होता तिचा, हे शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. आणि गिऱ्हाईक नसलं की बिलं छापायच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती गेम बनवायची. खेळायची नव्हे, बनवायची. हा फरक मामाला समजावताना तिच्या तोंडाला फेस आला होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. स्वतःचे तीन धंदे बुडवून झाल्यामुळे दुसऱ्यांच्या धंद्याची त्याला फार काळजी.

“हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये गं,” तो म्हणायचा. “चालतं दुकान आहे. बटणं दाबून कुणाचं पोट भरलंय?”

“मामा, बटणं दुसऱ्यांनी दाबायची असतात. दाबल्यावर काय होणार ते मी ठरवायचं असतं.”

“झाली टकळी सुरू!”

शेवटी मामाने परस्पर पाटी रंगवणाऱ्याला गाठलं. दुकानाची नवी पाटी, तिच्यावर हिचं नाव. मालकीण झाली की डोक्यातलं खूळ आपोआप जाईल, असा त्याचा हिशोब. आईला तो पटला. बाबांनी ऐकून घेतलं आणि एक काच उजेडात धरून पुसत राहिले. ना हो म्हणाले, ना नाही. टकळीच्या अंगाचा तिळपापड झाला. मामाशी निदान भांडता तरी येत होतं. ती म्हणाली, “पाटीवर माझं नाव चढायच्या आत मी गेमच्या कंपनीत नोकरी मिळवून दाखवते. नाही मिळाली तर मुकाट्याने गल्ल्यावर बसेन.” तिच्या तोंडून ‘मुकाट्याने’ ऐकून मामाला हसू आवरेना.

म्हणायला म्हणाली, पण घोडं अडलं होतं. ज्या कंपनीला लिहावं ती म्हणे, अनुभव हवा. नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा ते कुणीच सांगत नव्हतं. एका कंपनीला तिने उलट लिहिलं, ‘अनुभव नाही. गेम आहे. हिंमत असेल तर खेळून बघा.’ नोकरीचा अर्ज असा कुणी लिहीत नाही, हे खरं. पण त्याच कंपनीतल्या माणसाने तो गेम खेळला.

गेममध्ये एक म्हातारा पोस्टमन होता. सगळं गाव धूसर, आणि त्याच्या पिशवीत तऱ्हेतऱ्हेचे चष्मे. एकाने लांबचं दिसे, एकाने जवळचं, एकाने अंधारातलं. योग्य वेळी योग्य चष्मा लावत घरोघर पत्रं पोचवायची. सुरुवातीलाच नदी लागे, आणि नदीवरचा पूल कुठल्याही चष्म्यातून दिसत नसे. चष्मा काढला की दिसे. तिच्या मते ही सगळ्या गेममधली झकास जागा होती. आई तो पूल ओलांडून गेली होती, शेजारची ताई गेली होती, दुकानात येणारा कुरिअरवालासुद्धा गेला होता.

कंपनीतल्या माणसाचं उत्तर आलं, ‘नदीपाशी अडकलो. पूल सापडलाच नाही. पुढचं पाहता आलं नाही, क्षमस्व.’

“डोळे फुटलेत मेल्याचे!” टकळी कडाडली. “आमच्या आईला सापडतो आणि याला सापडत नाही?”

पडद्याआड तेव्हा एक आजोबा डोळे तपासून घेत होते. जड गोल फ्रेम नाकावर, बाबा तिच्यात काचा बदलून घालत होते.

“खालच्या ओळीतलं दुसरं अक्षर,” आजोबा म्हणाले, “प आहे की ष?”

बाबा गप्प.

“अहो सांगा ना. तुम्हाला माहीत आहे ना?”

“मला माहीत आहे,” बाबा म्हणाले, “पण चष्मा तुम्ही घालणार आहात. घाई नाही. दिसेल तसं सांगा.”

हे वाक्य टकळीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडून निघून जायचं. आज गेलं नाही. आई पूल ओलांडून गेली तेव्हा आपण कुठे होतो? मागे उभ्या. काय म्हणत होतो? ‘अगं, काढ ना तो चष्मा!’ ताईच्या वेळी? तेच. कुरिअरवाल्याला तर आपण हाताला धरून पलीकडे नेलं होतं. पूल एकालाही दिसला नव्हता. सगळ्यांना आपली टकळी तेवढी ऐकू आली होती. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की हातातला स्क्रू खाली पडला आणि ती तो शोधायलाही वाकली नाही.

आजोबा गेल्यावर तिने बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

“खेळा. मी एक अक्षर बोलणार नाही.”

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला राग यावा. तिने काचा पुसायचं फडकं उचललं आणि दातांत धरलं. बाबा नदीपाशी पोचले आणि अडकले. हा चष्मा लाव, तो लाव. मागे जा, पुढे जा. ओरडून सांगावं, नाहीतर निदान खोकावं, असं तिला शंभरदा वाटलं. ती फडकं चावत त्यांची नजर कुठे जाते ते पाहत राहिली. नजर पिशवीकडेच जात होती. ज्याच्या हातात इतके चष्मे दिलेत, तो चष्मा काढेल कशाला? शेवटी बाबा थकले. त्यांनी कीबोर्डवरचा हात उचलला, स्वतःचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. दमले की ते हेच करत.

टकळीच्या तोंडातून फडकं गळून पडलं. बाबांना तिने तसंच खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. दुपारभर आलेल्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी मालक स्वतः स्क्रू पिळताना दिसले.

आता गेममध्ये खेळणारा थांबला, त्याने हात उचलला, की पोस्टमनही दमून थांबे, चष्मा काढे आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागे. तेवढ्यात नदीवर पूल दिसे. चष्मा चढला की पूल गायब. कुठेही एक शब्द लिहिलेला नव्हता. तिने तो गेम त्याच माणसाला पाठवला, ‘पूल आहे. पुन्हा शोधा.’ उत्तर आलं, ‘इथे या. तुमच्यासमोर शोधतो.’

कंपनीची खोली लांबलचक होती, खिडक्यांना पडदे, टेबलांवर थंड झालेले चहाचे कप. तो माणूस दाढीवाला निघाला, त्या खोलीचा प्रमुख. सोबत एक बाई होत्या, त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकडी. टकळीची नजर त्या काडीवर गेली ती हलेचना.

“कुठल्या कॉलेजात शिकलात गेमचं?” दाढीवाल्याने विचारलं.

“चष्म्याच्या दुकानात,” ती म्हणाली. बाई हसल्या, दाढीवाला हसला नाही.

तो खेळायला बसला. माणूस क्षणभरही थांबणारा नव्हता. बोटं चालूच. नदी आली. हा चष्मा, तो चष्मा, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा पहिला चष्मा. याने एकदा हात उचलला असता तर पोस्टमनने पुढचं पाहून घेतलं असतं. पण छे, उचलेल तर शपथ. टकळीने इकडेतिकडे पाहिलं. फडकं घरी राहिलं होतं.

“बरं, सांगा,” तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. “पूल कुठे आहे?”

“सांगणार नाही.”

बाईंनी मान वर केली. दाढीवाल्याची बोटं अजून चालूच होती.

“आम्हाला इतर कामं आहेत. सांगा आणि पुढचं दाखवा.”

“नाही. मी सांगितलं तर तुम्ही पलीकडे जाल आणि माझा पूल चांगला की वाईट ते मला कधीच कळणार नाही. बाजारात गेम घेणाऱ्या प्रत्येकाच्या मागे मी उभी राहणार आहे का?”

“तुम्हाला नोकरी हवी आहे ना?”

“हवीय. फार हवीय. म्हणून तर सांगत नाही. डोकं आपटलंत तरी सांगणार नाही.”

आता मात्र त्याने दोन्ही हात टेबलावरून उचलले, हाताची घडी घातली आणि खुर्ची वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं. संपलं, तिला वाटलं. पाटीवर आपलं नाव कसं दिसेल तेही तिला दिसून गेलं.

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या, “स्क्रीन बघा.”

पोस्टमनने चष्मा काढला होता. सदऱ्याच्या टोकाने तो काचा पुसत होता, आणि त्याच्यासमोर नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पूल होता. दाढीवाला वळेपर्यंत चष्मा पुन्हा चढला आणि पूल नाहीसा झाला. तो तसाच बघत राहिला. मग त्याने एकच बटण दाबून चष्मा काढला आणि पूल ओलांडला. नंतर बराच वेळ तो खेळत राहिला, इतर कामं होती तरी.

“मी हात उचललेच नसते तर?” शेवटी त्याने विचारलं.

“तर चूक माझी. घरी जाऊन बदललं असतं. तरी तुम्हाला सांगितलं नसतं.”

तो हसला तेव्हा कळलं की दाढीत दात आहेत. “पुढच्या महिन्यापासून या. गेम बनवायला. इथे आम्ही सगळे खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून बोलतो.”

निघताना मात्र टकळीला राहवलं नाही. “बाई, तेवढा चष्मा द्या,” असं म्हणून तिने ती काडी सरळ करून दिलीच.

घरी मामा पाटीच्या रंगाचे नमुने घेऊन बसला होता. बातमी ऐकून तो आधी चाट पडला, मग त्याला राग आला. “असं काय आहे त्या गेममध्ये? दाखव इकडे. मी आत्ता संपवतो.” आणि कॉम्प्युटरसमोर बसला. नदीपाशी पोचला. बटणं नुसती बडवायला लागला.

टकळी बाबांच्या शेजारी उभी राहिली. “बाबा, इतकी वर्षं मामा बोलला, आई बोलली. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं तुम्हाला काही पडलेलंच नाही.”

“तुला काय दिसतंय ते तूच सांगायचं होतंस,” बाबा म्हणाले. “मी सांगितलं असतं तर जन्मभर माझा चष्मा घालून फिरली असतीस.”

तिचे डोळे भरून आले. बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिने मिटून घेतलं.

“अगं ए टकळी!” मामा ओरडला. “एरवी तोंड बंद होत नाही तुझं. पूल कुठे आहे? सांग की!”

टकळी गप्प. आई काहीतरी सांगायला पुढे झाली, तर बाबांनी तिचा हात धरला.

“घाई नाही,” बाबा मामाला म्हणाले. “दिसेल तसं सांगा.”