हाजीसाहेबांची जकात

हाजीसाहेबांना दान करताना फोटोवाला लागायचा. श्रीरामपुरात कुणा पोराला सायकल द्यायची असो की मशिदीला पंखा, फोटोवाला आल्याशिवाय यांचा हात खिशाकडे जायचाच नाही. रुबाबदार माणूस, अत्तराचा घमघमाट, बोलणं मधाळ. मी त्यांची मुलगी, म्हणून सांगते: इतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अम्मीला तलाक देऊन त्यांनी दुसरा संसार थाटला. माझा खर्च दरमहा द्यायचा, असा कोर्टाचा हुकूम होता. एकदोन महिने दिला, मग आमच्या तोंडाला पानं पुसली. अम्मी लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. ती मागायला गेली की म्हणायचे, "सबर कर. अल्ला सगळ्यांना देतो." अल्ला देतो हो, पण बापाचं काय?

बारावीनंतर मला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची म्हणून अम्मीने कोर्टात वसुलीचा अर्ज केला. तारखेला हाजीसाहेब आले ते चक्क मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलानांना साक्षीला घेऊन. दर रमजानला हाजीसाहेब आमच्या दारात गहू, तेल, शेवयांचं पोतं टाकून जायचे. तोच मुलीचा खर्च, असा त्यांचा दावा होता. मौलाना वाटपाला हजर असायचे.

न्यायाधीशांनी विचारल्यावर मौलाना म्हणाले, "पोतं दिलं, हे खरं. पण ती जकात होती ना?"

"जकातच! दरवर्षी न चुकता काढतो," हाजीसाहेब छाती फुगवून बोलले.

"मग ती पोटच्या मुलीला चालत नाही. जकात गरिबांचा हक्क आहे. मुलीला पोसणं बापावर तसंही फर्ज असतं. ऐपतदार बाप जिवंत असताना तिला दुसऱ्या कुणाची जकातही चालत नाही. तुमची जकातही अदा झाली नाही आणि खर्चही राहिला."

वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत नमाज पढणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं? मला तर वाटतं, ठाऊक होतं. एकाच पोत्यात दोन्ही उरकायचं होतं, दुसरं काय!

अटकेचं वॉरंट निघणार म्हटल्यावर थकलेली रक्कम तिथल्या तिथे बाहेर आली. तिच्यातूनच माझी फी भरली आणि मी नर्स झाले.

त्या दिवशी कोर्टाबाहेर ते मला म्हणाले, "चारचौघांत बापाची इज्जत घालवलीस. आजपासून तुझा बाप मेला समज."

मी म्हटलं, "खरंच मेला असतात, तर लोकांची जकात तरी मला चालली असती."