उलटी लागलेली दोन रिळं

मामांना मी बारा वर्षं ओळखत होतो असं सांगतो खरा, पण ते चहात साखर किती घेत, कुठल्या शाळेत शिकले, त्यांना भावंडं किती, यातलं मला काही माहीत नाही. त्यांच्या घरी मी एकदाही गेलो नाही. त्यांनी बोलावलं नाही असं नव्हे. मीच आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. अशा माणसाने कुणाची ओळख लिहायला बसू नये. पण आमच्या चित्रपट मंडळाला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघते आहे, आणि हल्लीच्या चिटणीसबाईंनी मला "त्या ग्रीक गोष्टीच्या गाजलेल्या खेळाबद्दल" दोन पानं मागितली. त्या खेळाबद्दल खरं लिहायचं तर मामांबद्दलच लिहावं लागतं.

रविवारी सकाळी आमचं मंडळ ज्या थिएटरात परदेशी चित्रपट दाखवायचं, तिथले मामा ऑपरेटर. लोखंडी जिना चढून गेलं की त्यांची केबिन. दार इतकं बुटकं की उंच माणसाने वाकूनच आत जावं. आत शेजारी शेजारी दोन मशीन, रीळ उलट गुंडाळायचं टेबल, वाळूची बादली आणि एक स्टूल. मामांच्या डाव्या हातात पांढरा सुती मोजा असायचा. प्रत्येक खेळाआधी ते सगळी रिळं त्या मोज्याच्या दोन बोटांतून सरकवत. कुठे काठ फाटला असेल, भोक तुटलं असेल, तर बोट अडायचं, मग तेवढा तुकडा कापून जोड द्यायचा. "हजारो पिक्चर पाहिले मास्तर," ते म्हणायचे, "पण खुर्चीवर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही नाही."

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मास्तर. मामी कधी डबा घेऊन आल्या की दारातूनच सांगायच्या, "लोकांना एक सवत असते, मला दोन दोन आहेत. आणि दोघींना तेल-पाणी हेच करणार." मामा मशीन पुसता पुसता म्हणायचे, "त्या तुझ्यासारखं बोलत नाहीत, एवढंच त्यांचं सुख."

मंडळात माझं काम खेळाचं पत्रक लिहिणं आणि खेळ संपल्यावर दहा मिनिटं बोलणं. वर्गात माझं कुणी ऐकत नसे, घरी मी फारसा बोलत नसे. त्या दहा मिनिटांत मात्र दीडशे माणसं गप्प बसून माझ्याकडे बघायची. पुढे जे झालं त्याचं कारण बरंचसं हेच आहे.

तो चित्रपट गाण्यांचा होता. मूळ गोष्ट ग्रीकांची, फार जुनी. एका गवयाची बायको मरते. तो मृत्यूच्या राज्यात जातो आणि आपल्या गाण्याने तिथल्या राजाराणीला पाझर फोडतो. तिला परत न्यायची परवानगी मिळते, पण एका अटीवर: वर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. त्याला राहवत नाही, तो वळतो, आणि ती कायमची जाते. नव्या चित्रपटात गवई एका नाचघरात अकॉर्डियन वाजवतो आणि त्याची बायको धोबीखान्यात इस्त्री करते. मृत्यूचं राज्य म्हणजे शहराच्या पोटातलं एक अवाढव्य दफ्तर, जिथे कारकून मेलेल्यांची कागदपत्रं लावत बसलेले असतात. तो काच फोडून आत शिरतो, हाताला जखम होते, तिथलीच एक कारकून बाई त्याला पट्टी बांधते. मग तो गातो आणि सगळ्या टेबलांवरच्या लेखण्या थांबतात. बायको मिळते. वर यायला जिने सात.

हे सगळं मला चित्रपट पाहिल्यावर कळलं. पत्रक मी त्याआधीच लिहून छापून घेतलं होतं. सोबत आलेली माहिती ज्या भाषेत होती ती मला येते असा मंडळात समज होता, आणि तो मी कधी मोडला नव्हता. मला त्या कागदातले दहा शब्द जेमतेम लागले. एक फोटो मात्र होता: नवरा-बायको स्वयंपाकघरात, टेबलावर ताटल्या मांडत गात आहेत. तो शेवटच असणार असं मी ठरवलं आणि लिहून टाकलं की प्राचीन ग्रीकांनी ज्यांची ताटातूट केली त्यांना आजच्या कलावंताने घरी आणून पोचवलं आहे.

शनिवारी दुपारी मामांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेवटच्या दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. सुरुवातीच्या पट्ट्या कुणीतरी कोऱ्या जोडलेल्या, त्यांवर आकडा नाही. ती प्रत इतकी गावं फिरली होती की शेवटची 'समाप्त'ची पाटीसुद्धा तुटून गेली होती.

"सहावं कुठलं आणि सातवं कुठलं, तेवढं सांगा," मामा म्हणाले. त्यांनी एक तुकडा दिव्यासमोर धरला. "ह्यात तो जिन्यात एकटा आहे. हे शेवटचं वाटतंय मला."

"आणि दुसऱ्यात?"

"स्वयंपाकघर. दोघं आहेत. रीळभर एकच गाणं दिसतंय."

पत्रकाचा गठ्ठा माझ्या काखेत होता. मी म्हणालो, "स्वयंपाकघर शेवटी. मी वाचलंय सगळं."

"मग झालं," असं म्हणून मामांनी खडूने डब्यांवर सहा आणि सात लिहिलं.

रविवारी तसंच लागलं. जिन्यात तो वळला, ती अंधारात मागे मागे गेली, आणि प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात पडदा उजळला आणि दोघं घरात, ताटल्या, गाणं. गाण्यांना खाली भाषांतराच्या ओळी नव्हत्या, त्यामुळे शब्द कुणालाच कळत नव्हते. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बोललो, आणि फार चांगला बोललो. गाण्याने मृत्यूला हरवलं, असं काहीतरी. एका म्हाताऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले.

वर गेलो तेव्हा मामा रीळ उलट गुंडाळत होते. म्हणाले, "मास्तर, उलटं लागलं बहुतेक."

"कशावरून?"

"हाताची पट्टी. जिन्यात त्याच्या हाताला पट्टी आहे. स्वयंपाकघरात हात कोरा. म्हणजे ते घर आधीचं आहे. जिना चढताना वळायचा मोह होऊ नये म्हणून तो त्या घराचं गाणं म्हणत असणार. घरी पोचलेच नाहीत ते."

मामा हँडल फिरवत पुढे म्हणाले, "अजून एक. तो वळतो का, बघितलंत? वरच्या जिन्यात ती चपला हातात घेते. लवकर चढता यावं म्हणून. पण त्यामुळे तिच्या पावलांचा आवाज बंद होतो, आणि त्याला वाटतं ती राहिली मागे. म्हणून वळतो. जुन्या गोष्टीत तसंच आहे का हो?"

"नाही. तिथे तो उतावीळपणाने वळतो."

"मग इथे बरं केलंय. ह्यात दोघांचाही दोष नाही."

त्या चित्रपटाने जुन्या गोष्टीचं खरोखर काय केलं होतं, ते मामांनी केबिनच्या चौकोनी खिडकीतून पाहून दोन वाक्यांत सांगितलं. मी दहा मिनिटं बोललो होतो त्यात ह्यातलं अक्षर नव्हतं. आणि मी त्यांना काय म्हणालो, तर, "गाण्यात सगळं चालतं हो मामा."

"चालत असेल बुवा," ते हसून म्हणाले.

तीन आठवड्यांनी मंडळाची बैठक थिएटरच्याच ऑफिसात होती. आमच्यातले एक वकील बहिणीच्या गावी गेले असताना त्यांनी तोच चित्रपट तिथल्या मंडळात पाहिला होता. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाईसाहेब तिकडे काही वर आल्या नाहीत. जिन्यातच राहिल्या."

सगळे हसले. प्रत पाठवणाऱ्या कचेरीचंही पत्र आलं होतं, की सहाव्याच्या डब्यात सातवं निघालं. अध्यक्ष डॉक्टर होते, सरळ माणूस. त्यांनी मलाच विचारलं, "हे झालं कसं?"

माझे कान तापले. पत्रकाची एक प्रत टेबलावरच पडली होती. मी म्हणालो, "रिळं लावणं ऑपरेटरचं काम."

वाक्य खोटं नव्हतं, आणि तीच त्यातली सोय होती. थिएटरचे मालक तिथेच बसले होते. त्यांनी मामांना खाली बोलावलं. मामा मोजा काढत आत आले आणि दाराजवळच उभे राहिले.

"ही दोन रिळं तुम्ही उलटी लावलीत?"

मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; मी काही बोलतोय का, ते पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"लावली," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं का तशी लावायला?"

"इतक्या वर्षांत कुणाला विचारून लावली नाहीत साहेब."

त्यांना बसायलाही कुणी सांगितलं नाही. मालक म्हणाले, वय झालं, नजर गेली, बाहेरच्या गावात थिएटरचं हसं झालं. पुढच्या महिन्यापासून केबिनमध्ये नवा ऑपरेटर आला आणि मामा खाली दारावर तिकिटं फाडायला उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांचं एक रीळ चुकलं नव्हतं. हे बैठकीत सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मंडळातलं माझं स्थान शाबूत राहिलं. उलट पुढच्या वर्षी मला चिटणीस केलं. रविवारी दारात मामा दिसले की मी घड्याळ बघत आत शिरायचो. एकदा मामी भेटल्या. मी विचारलं, कसं चाललंय. त्या म्हणाल्या, "आता डबा दारातच देते. जिना चढायचा त्रास वाचला." त्यांना खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. त्या नेहमीसारख्याच हसल्या होत्या, आणि मी पुढचे दोन रविवार थिएटरकडे फिरकलो नाही.

हे सगळं लिहिताना मी स्वतःला विचारतो की त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. वकील आणखी एकदा हसले असते. बस. तेवढ्यासाठी मी एका कारागिराच्या हातातून त्याचं काम काढून घेतलं. स्मरणिकेत हे छापायचं की नाही ते चिटणीसबाईंनी ठरवावं. गाजलेल्या खेळाची आठवण त्यांना हवी होती. माझ्याकडे त्याची एवढीच आहे.

दारावर उभे राहून मामांनी अडीच वर्षं काढली. ते गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शाळेच्या शिपायाकडून. त्याच्या चार महिने आधी मी ठरवून, एका आडवारी, तीनच्या खेळाला गेलो होतो. चित्रपट कुठला होता तेही पाहिलं नव्हतं. त्या वेळी दारात गर्दी नसते, तिथे त्यांना सगळं सांगायचं आणि मग मालकांकडे दोघांनी जायचं, अशी वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

मामा एकटेच होते. मला पाहून म्हणाले, "काय मास्तर, शाळा लवकर सुटली?"

"आज सकाळचाच पेपर होता."

त्यांनी तिकीट घेतलं, अर्धं फाडून माझ्या हातात दिलं.

"मामा," मी म्हणालो.

"बोला की."

"आज गर्दी नाही फारशी."

"परीक्षा ना सगळीकडे. मधल्या रांगेत बसा, पुढचा पंखा बंद आहे."

"बसतो," मी म्हणालो.