हवेचा स्क्रू आणि सोनारीची वाट

पुण्याहून मी निघाले तेव्हा घरच्यांचं एकमत होतं की मोटारसायकल चालवायचं माझं वय गेलं आहे आणि अक्कल अजून यायची आहे. असेलही. पण थोरल्या बहिणीचा शब्द मोडण्याची हिंमत मला साठी जवळ आली तरी झालेली नाही. आक्का कळंबला असते. दाजी गेल्या वर्षी गेले. दरवर्षी माघातल्या एका रविवारी दोघं दाजींच्या जुन्या दोन-स्ट्रोक गाडीवरून सोनारीच्या भैरवनाथाला जायची. दाजींच्या मागं गाडी जळकोटला त्यांच्या पुतण्याकडं गेली आणि इकडं आक्काच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख लागली.

"त्याच्यानंतर मला गाडीवर बसता यायचं न्हाय," ती फोनवर म्हणाली. "ह्या रविवारी त्याच गाडीवर सोनारीला जायचंय मला. महेश कार काढतो म्हणतोय. म्या न्हाय जायची कारनं."

महेश तिचा मुलगा. मोटारसायकलचं नाव काढलं की त्याची पाठ धरते. राहिले मी. मला गिअरची गाडी येते, हे आमच्या माहेरचं जुनं दुखणं आहे.

जळकोटला एसटीतून उतरले तेव्हा हायवेवर ट्रकांची रांग आणि तिच्या पलीकडं ज्वारीची हिरवी रांग, दोन्ही आपापल्या जागी डुलत होत्या. पुतण्या शिवराज न्यायला आला होता. गाडी गोठ्यात होती. एक काळं बोकड सीटवर पुढचे पाय टेकवून हँडलची मूठ चघळत होतं. त्याला खाली उतरवून शिवराजनं किका मारल्या, तेव्हा कुठं गाडी खोकली, सुरू झाली आणि मूठ सोडताच गप्प झाली.

"ह्याला आधी कुणी हात लावलाय?" शिवराज म्हणाला. मेकॅनिक लोकांचं बोलणं या वाक्यानं सुरू होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग त्यानं मला समजावलं, "मावशी, कारबुटरला ह्यो एक हवेचा स्क्रू असतोय. आत पिळला की पेट्रोल जास्त जातंय, बाहेर काढला की हवा जास्त. म्या आत घेतो. गाडीला खेच पायजे." त्यानं स्क्रू चांगला आत घेतला, वर बजावलं, "आता कुणाला हात लावू देऊ नका." त्याच्या बायकोनं शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे तिखट रश्श्यात शिजवलेले वेढे) वाढली. ती इतकी झणझणीत होती की माझं स्वतःचं मिश्रण बिघडलं.

नळदुर्गाच्या अलीकडंच गाडीनं मागं धुराचा पडदा सोडायला सुरुवात केली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या देत पुढं गेला. मग आचके देत देत ती एका चहाच्या टपरीसमोर बंद पडली. टपरीवाले आप्पा मराठी-कानडी दोन्ही भाषा बोलणारे. "बर्री, कुंद्री (या, बसा)," म्हणून त्यांनी मला बाकावर बसवलं आणि चहा दिला. एवढ्यात बाकावरची सगळी मंडळी उठून गाडीभोवती उकिडवी बसली. आपल्याकडं बंद पडलेली गाडी गावाच्या मालकीची असते. एकानं स्क्रू पाव आटा बाहेर काढला आणि मान तिरकी करून ऐकलं. दुसऱ्यानं "येडा हाईस का?" म्हणून तो परत आत घेतला. तिसरा म्हणाला, "माझ्या फवारणीच्या पंपाला म्या असंच करतो," आणि त्यानं भलताच स्क्रू फिरवला. गाडी घेऊन आलेली बाई इथं बसली आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं. अखेर गाडी सुरू झाली. ती कुणाच्या हातानं झाली यावर वाद पेटला, तेव्हा मी हळूच हेल्मेट चढवलं आणि निघाले.

धाराशिवात आल्यावर म्हटलं, आता शहरातला शहाणा माणूस गाठू. गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं. "ह्याला कुणी हात लावलाय?"

"कुणी लावला नाही ते विचारा," मी म्हणाले.

"लई पेट्रोल पाजलंय हिला. आता ॲव्हरेज बघा तुमी." त्यानं स्क्रू बाहेर काढला. गाडी हलकी झाल्यासारखी वाटली आणि मी खूश झाले. येडशीच्या पुढच्या चढाला ॲव्हरेज दिसलं. इंजिन तापून लाल व्हायचं तेवढं राहिलं, ताकद गेली, आणि मी भरल्या उन्हात करडईच्या पिवळ्या रानाकडेनं गाडी ढकलत चालले. पेट्रोल लागतच नव्हतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

दिवस मावळताना कळंबला पोचले. आक्का फाटकात उभी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. गाडीच्या टाकीवरून पदरानं धूळ पुसली, मग म्हणाली, "आलीस व्हय? हातपाय धू."

दुसऱ्या दिवशी गल्लीतले मेकॅनिक चाँदभाई आले. कुणी हात लावला, हे त्यांनीही विचारलंच. पण आधी इंजिन तापू दिलं. मग स्क्रू आत घेत गेले, गाडी घुसमटेपर्यंत. बाहेर काढत गेले, ती अडखळेपर्यंत. आणि मधे जिथं तिचा आवाज सगळ्यात मोकळा लागला तिथं सोडला. एक चक्कर मारून प्लग काढून दाखवला, छान बदामी रंगाचा. "आपा, अब किसीकू हात नक्को लगाने देव (आता कुणाला हात लावू देऊ नका)," म्हणाले. गाडी इतकी सुरेख चालायला लागली की मी उगाचच बाजारातून फिरून आले.

रविवारी सकाळी निघालो. येरमाळा मागं पडलं, बार्शी मागं पडली, गाडीनं एकदा शिंकसुद्धा दिली नाही. हुरड्याचा वास येत होता, रस्ता मोकळा होता. आणि मागं आक्का सारखी चुळबुळत होती. मी दोनदा विचारलं, गुडघा दुखतोय का? "हळू चालव," एवढंच म्हणाली. परंडा जवळ यायला लागलं तशी तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "थांब."

उतरली आणि पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "आता घटकाभरात सोनारी यील. दर्शन हुईल, नारळ फुटंल. जेवायच्या वक्ताला आपण घरी. मग?"

माझं टाळकंच सरकलं. "अगं बाई, जळकोटपासून हिला ढकलत आणलीय मी! नीट चालतेय तर तुझं तोंड वाकडं?"

"तुजी चूक न्हाय. लई चांगली चालतीया. तेच वंगाळ झालंय." मग खाली बघत म्हणाली, "ही गाडी कधी सरळ सोनारीला गेलीच न्हाय. दरसाली हितंच कुठंतरी बंद पडायची. घरात सासू, सासरे, दीर, जावा. नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? मीठ दे, पानी तापव, झालं बोलणं. हितं गाडी बंद पडली की आमी लिंबाखाली बसायचो. म्या भाकरी सोडायची. वर्साचं सारं बोलणं हितं व्हायचं बघ."

"दरवर्षी इथंच बंद पडायची?"

"एका साली पहाटं पानी तापवायला उठले, तर ह्ये अंगणात. चांगल्या चालत्या गाडीचा स्क्रू बाहेर काढत व्हते."

"मग? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं? म्या दोन भाकरी जास्त बांधल्या."

आमचे दाजी, चारचौघांत बायकोकडं मान वर करून न बघणारे दाजी!

"काढ की त्यो स्क्रू," आक्का म्हणाली. "गाडी रुसंस्तर काढ."

सगळ्या जिल्ह्यानं हात लावून झाला होता, आता मी लावला. चाँदभाईंची मनातल्या मनात माफी मागितली आणि स्क्रू सैल केला. गाडी थोडी पुढं गेली, अडखळली आणि एका लिंबाजवळ वळणावर मूठ सोडताच बंद पडली. आक्कानं पिशवीतून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा काढला. तेवढ्यात एक दुचाकीवाला थांबलाच. "कारबुटर आसंल, मावशी. बघू का?"

"ऱ्हाऊ दे, बाबा. आमाला घाई न्हाय."

तो बिचारा वळून वळून बघत गेला. मग आक्का बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, समोर उभ्या असलेल्या गाडीकडं तोंड करून. म्हैस विकली. महेशच्या थोरलीचं लग्न जमतंय, मुलगा चांगला आहे, पण जरा बोलका आहे. घराची पुढची भिंत फुगलीय. "अन ऑपरेशनचं मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "घरात कुनाला सांगितलं न्हाय. तुमाला सांगते." मला हुंदका फुटला आणि मी तो आवरलाही नाही. उन्हं सरकली, लिंबाची सावली आमच्यावरून निघून गेली, तरी ती बोलत होती.

सोनारीला पोचेपर्यंत दुपार कलली. देवळासमोर माकडानं आक्काच्या हातातला नारळ हिसकावला आणि शिखरावर जाऊन बसलं. "खा बाबा, तू तरी खा," म्हणून ती खळखळून हसली. दुसरा नारळ घेतला, दर्शन झालं. परत येताना बिघडलेल्या गाडीनं जागोजागी मुक्काम केले आणि मला एकाही मुक्कामाचा राग आला नाही. एवढे प्रवास केले मी, सगळीकडं वेळेवर पोचले. वाटेत कुणाशी काय बोलले, ते काही आठवत नाही.

कळंबला दिवेलागण झाली होती. महेश फाटकातच उभा. "कुठं व्हता? फोन लागंना! म्या म्हणत व्हतो ना, कारनं जा म्हणून?"

त्याच्या खांद्याचा आधार घेत आक्का सावकाश उतरली. "गाडी बंद पडली व्हती रे वाटंत. कारबुटर."

"मग उद्या सकाळीच चाँदभाईला बोलावतो."

"नको नको," आक्का घाईघाईनं म्हणाली. "त्यो नीट करंल."