मोर्चेवाल्या काकू तालिनला गेल्या

काकूंच्या तोंडून पहिला शब्द ‘नाही’ हाच यायचा. चहा घेणार का विचारलं तरी आधी ‘नाही’, मग ‘बरं, अर्धा कप टाक’. नागपूरहून नोकरीसाठी इंग्लंडमधल्या लीड्सला आले तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना मोर्चेवाल्या काकू म्हणत. तरुणपणी इथल्या एका लष्करी विमानतळावर अमेरिकेची अण्वस्त्रं आली, तेव्हा लहानग्या मीनलला कडेवर घेऊन त्या फाटकासमोर जाऊन बसल्या होत्या. “चार पोलिसांनी उचललं गं मला, पण निऱ्या सुटू दिल्या नाहीत,” हे त्या अभिमानाने सांगत.

पुढे मीनलने एस्टोनियाच्या तानेलशी लग्न केलं आणि ती त्याच्या देशाच्या राजधानीत, तालिनला राहायला गेली. युक्रेनवर हल्ला झाला आणि काकूंची झोप उडाली, कारण मीनलच्या घरापासून रशियाची हद्द काही तासांवर. त्यात चाळिशीला आलेल्या मीनलला दिवस गेलेले. ख्रिसमसला दोघं आली, तेव्हा पुरणपोळीच्या ताटावरच वाद पेटला.

“दुसऱ्याच्या बॉम्बच्या भरवशावर झोप कशी लागते रे तुम्हांला?” काकूंनी जावयाला विचारलं.

तानेलला मराठी कळायचं; तो शांतपणे इंग्रजीत म्हणाला, “आम्ही एकटे होतो, तेव्हा रशियनांनी माझ्या आजीला घरातून उचलून सायबेरियात नेलं. आमचं सैन्य एवढंसं. अमेरिकेसारखा मोठा कोणीतरी मागे उभा आहे म्हटल्यावर रशियासारखा शेजारी दहादा विचार करतो.”

“आणि वेळ आलीच, तर तुमच्या तालिनसाठी तो स्वतःचं शहर जळू देईल?”

“माहीत नाही. पण शेजाऱ्यालाही ते माहीत नाही. त्यावरच आम्ही जगतो. हा आधार काढून घेतला, तर उद्या प्रत्येक देश स्वतःचा बॉम्ब बनवेल. ते चालेल तुम्हांला?”

“नाही,” काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, “हेही नाही आणि तेही नाही.” पण आवाज उतरला होता.

निघायच्या दिवशी त्यांनी मीनलला विनवलं, “बाळंतपणाला इकडेच राहा गं. मग जाऊच नकोस.”

“आई, माझा घर तिकडे आहे,” मीनल म्हणाली. एरवी काकू ‘माझं घर’ म्हणून लगेच सुधारायच्या. त्या दिवशी सुधारलं नाही.

वसंतात नात झाली आणि काकूंनी लीड्सचं घर विकायला काढलं. त्या तालिनला निघाल्या तेव्हा एअरपोर्टवर मी विचारलं, “काकू, मत बदललं का तुमचं?”

“मत तेच आहे गं. पण नात तिथे आहे.” एवढं बोलून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मागे न बघता आत गेल्या.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. परवा म्हणाल्या, “बाळाला घेऊन बाजारात गेले होते. तिथे इकडे तैनात असलेल्या आपल्या इंग्लंडच्या सैन्यातली एक मुलगी भेटली. अगदी आपल्या लीड्सकडचं, यॉर्कशरचं बोलणं! तिला आपल्या तिकडच्यासारखंच विचारलं, थंडी नाही ना वाजत, ‘यू वॉर्म इनफ, लव्ह?’ आणि मलाच रडू फुटलं. ती बिचारी घाबरली.”

मी लीड्समधल्या माझ्या नव्या खोलीत फोन कानाला लावून खिडकीशी आले.

“ए, खिडकी उघड ना जरा,” त्या म्हणाल्या. “फोन बाहेर धर.”

मी धरला. खाली स्टॉपवर बस येऊन थांबली, दार उघडलं, कोणीतरी उतरताना ड्रायव्हरला इथल्या बोलीत थँक्यू, ‘टा, लव्ह’ म्हणालं. बस गेली तरी मी हात आत घेतला नाही.