धावेवर मोजलेलं पेट्रोल

सबुरी माझ्यात तेव्हाही नव्हती, आजही नाही. आणि बाबांच्या जीपमध्ये बसायचं तर आधी तीच लागायची.

अमरावतीच्या बाहेर आमची भाजीची वाडी होती. फुलकोबी, मेथी बाजारात न्यायला बाबांनी लष्करानं मोडीत काढलेली जीप घेतली होती. तिच्यातलं पेट्रोल ते तुपासारखं जपत. उतार आला की इंजिन बंद, रेल्वेचं फाटक लागलं की बंद. "जोरात पळवली का जास्त पिते थे," असं म्हणत आणि सायकलवाल्यांनाही खुशाल पुढे जाऊ देत. मला वाटे, खाली उतरून ढकलावी.

पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता. म्हणून बाबांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीला चाकूनं खाचा पाडल्या होत्या. सीट उचलायची, टाकीत काडी बुडवायची, ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघायचं. जीप मुक्कामाला विहिरीच्या धावेवर असे. मोटेचे बैल उतरतात तो हा उतार. सकाळी नुसती सोडली की गाडी सुरू होई. मोजायचं मात्र खाली सपाट अंगणात, हा त्यांचा नियम.

मी बी.ए. झाले आणि अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वेळ अकराची. नोकरी मिळाली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं घरात ठरलं होतं. मला ते अजिबात नको होतं.

त्या सकाळी बाबा म्हणाले, "थांब, अंगनात घेतो अन् मोजतो."

"इथंच मोजा ना बाबा! उशीर होऊन राहिला."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावेवरच काडी बुडवली. ओल वरच्या खाचेपर्यंत आली. "भरपूर हाय," ते म्हणाले.

बडनेऱ्याचा पंप मागे गेला, मूर्तिजापूरचाही गेला. प्रत्येक उताराला इंजिन बंद होई आणि मी पदराचं टोक पिळत बसे. थोडं पुढे जाऊन जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. बाबांनी काडी बुडवली, ती कोरडीच वर आली. धावेवर सगळं पेट्रोल टाकीच्या एका अंगाला गोळा झालं होतं आणि काडी नेमकी तिथंच बुडली होती. चूक माझ्या घाईची होती, पण राग मला त्यांचाच आला.

"एवढं वाचवून काय भेटलं तुमाले?" मी ओरडले.

अकोल्याकडे चाललेला कापसाचा ट्रक त्यांनी हात करून थांबवला. "पोरीले शाळेच्या दारापर्यंत सोडजा, भाऊ." मी वर चढले. मागे पाहिलं तर रिकामा डबा घेऊन ते मूर्तिजापूरकडे उलटे चालू लागले होते.

मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते, केसांत कापूस होता. नशिबानं माझा नंबर शेवटचा लागला. तोवर मी व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि बाबांना बोललेलं आठवून माझंच तोंड कडू होत होतं. अखेर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सोमवारपासून या."

धावत बाहेर आले. फाटकाजवळ निंबाखाली जीप उभी होती आणि इंजिन धडधडत होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, "तासाभरापासून सुरूच हाय थे."

"बाबा, बंद कावून नाही केली?"

"बंद केली अन् सुरूच नाही झाली तं?" ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "तुले नाही म्हटलं, तं इथं चारचौघांत रडत उभं राहा लागू नये. लगेच घेऊन निघता यावं म्हून."

"सोमवारी बोलावलं मले."

बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, उगाच जास्त वेळ पुसलं. मग हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"मंग बसू जराशीक," ते म्हणाले. "आता काई घाई नाही."